शाळेची पडवी आणि मधली सुट्टी

१

कोकणात ‘वाळीत टाकणे’ या शब्दप्रयोगाला नेमका अर्थ आहे. गावकीची किंवा जातीची बैठक बसते, अपराध ठरविला जातो, आणि त्या दिवसापासून त्या घराशी बोलणेचालणे, देणेघेणे, लग्नकार्य, मर्तिकाला खांदा देणे हे सारे बंद होते. पुढे दंड भरला, गावापुढे नमते घेतले, की घर पुन्हा आत घेतले जाते. म्हणजे या क्रियेला कर्ता असतो, दिनांक असतो, सांगण्यापुरते का होईना कारण असते, आणि निदान तत्त्वतः शेवटही असतो. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. ही हकीकत कर्व्यांनी ‘आत्मवृत्ता’त (१९१५) सांगितली आहे. ती सांगता येते याचे एक कारण असे की ती घटना आहे. तिला ‘आधी’ आहे आणि ‘नंतर’ आहे. कायद्यालाही असा बहिष्कार हाताळता येतो. मुंबई राज्याने १९४९ साली जातिबहिष्काराला मनाई करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तो घटनाबाह्य ठरविला. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ गेल्यावर, २०१६ साली, महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. या नव्या कायद्यामागे ज्या तक्रारी होत्या, त्यांत कोकणातील गावकीविषयीच्या तक्रारी बऱ्याच होत्या.

शाळेत एखादे मूल एकटे पडते तो प्रकार मात्र याहून निराळा आहे. तेथे बैठक बसत नाही, ठराव होत नाही. कोणी कोणाला टाकलेले नसते, तरीही एक मूल टाकलेले असते. त्याला परत घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण ते आत होते असे कधी कोणी मानलेलेच नसते. अशा बहिष्काराचा इतिहास कसा लिहावयाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी मी रत्नागिरी जिल्हा निवडला आहे. एक तर या जिल्ह्यात शालेय अस्पृश्यतेचा वाद फार लवकर, एकोणिसाव्या शतकातच, उभा राहिला. दुसरे म्हणजे या विषयावरील मराठीतील एक महत्त्वाचे स्वकथन, ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३), याच जिल्ह्यातून आले. या दोन टोकांमध्ये सुमारे ११० वर्षांचे अंतर आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. शाळेचे दार उघडल्याचा इतिहास कागदोपत्री सापडतो. वर्गात कोण कोठे बसले याचा इतिहास अर्धामुर्धा सापडतो. हायस्कुलातील मधल्या सुट्टीचा इतिहास मात्र कोणत्याही दप्तरात नाही. तो फक्त स्वकथनात आहे. दलित स्वकथनांकडे समाजशास्त्राला पुरावा पुरविणारे साधन म्हणून पाहण्याची जी सवय आपल्या समीक्षेला जडली आहे, ती या ठिकाणी उपयोगी पडत नाही. पुरावा पुरवावयाचा तर आधी दुसरीकडे कोठे तरी आरोप नोंदलेला असावा लागतो, आणि येथे तसा तो नाही.

२

सरकारी शाळेत अस्पृश्य मुलाने प्रवेश मागितल्याचे मुंबई इलाख्यातील पहिले गाजलेले प्रकरण १८५६ सालचे, धारवाडचे. एका महार मुलाने अर्ज केला. एका मुलासाठी बाकीच्यांनी शाळा सोडावी, ही जोखीम सरकारला पत्करवेना. अर्ज फेटाळला गेला. दोनच वर्षांनी, १८५८ साली, संपूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या आहेत असे तत्त्व जाहीर झाले. १८८२ च्या हंटर आयोगानेही हे तत्त्व मान्य केले, पण ते सावधपणे अमलात आणावे अशी पुस्ती जोडूनच. तत्त्व आणि अंमल यांमधील ही मोकळी जागा कोणी भरावयाची? ती स्थानिक शाळांनी आपापल्या परीने भरली. दापोलीत ती कशी भरली गेली, हे पाहण्यासारखे आहे.

दापोली ही लष्कराची जुनी छावणी. आजही जुनी माणसे तिला ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. पलटणीतून निवृत्त झालेले अनेक महार शिपाई आणि सुभेदार पेन्शन घेऊन तेथे राहत. ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांपैकीच. १८८६ मध्ये निवृत्त झाल्यावर ते दापोलीस स्थायिक झाले. सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे डॉ. आंबेडकरांचे वडील, मूळचे मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे; तेही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीस होते. या मंडळींचे वैशिष्ट्य हे की ती शिकलेली होती. पलटणीतील शाळेत शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिकविले जाई. रामजी तर लष्करी शाळेत कित्येक वर्षे मुख्याध्यापक होते. १८९२ च्या सुमारास लष्करातील महारांची भरती बंद पडली आणि पलटणीची शाळा पुढच्या पिढीला दुरावली. याच सुमारास दापोलीतील महार पेन्शनरांनी गावातील शाळेत आपली मुले घ्यावीत म्हणून अर्ज-विनंत्या चालविल्या. मुले घेतली गेली, पण त्यांना वर्गात न बसविता बाहेर पडवीत बसविण्यात आले. ज्या बापांनी वर्गात बसून अक्षरे गिरविली होती, त्यांची मुले वर्गाबाहेर बसली. सुधारणेचा इतिहास सरळ रेषेत पुढे जातो असे मानणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात ठेवावा.

पडवी हा शब्द मी सहज वापरलेला नाही. कोकणी घराची रचना ठाऊक असलेल्याला तो लगेच उमगेल. अंगण किंवा खळे, मग पडवी, मग ओटी, मग माजघर, त्याच्या आत स्वयंपाकघर आणि देवघर. कोणी कोठवर यावे हे ठरलेले असे. कुळवाड्याने पडवीपर्यंत, पाहुण्याने ओटीवर, सोयऱ्याने माजघरात. महाराने खळ्याच्या कडेला, आणि तेही हाक मारून. शाळा ही इंग्रजी अमलात आलेली नवी संस्था. तिच्यात कोणी कोठे बसावे याचा शास्त्राधार कोणत्याही पोथीत नव्हता. तो घराच्या रचनेतून घेतला गेला. कित्येक गावांत शाळा भरे तीच मुळी देवळात, चावडीत किंवा एखाद्या खोताच्या वा सावकाराच्या ओटीवर. तेव्हा ही उसनवारी करण्यास फारसे डोके चालवावेही लागले नसेल. घरातील खळ्यातून शाळेच्या पडवीपर्यंत येणे ही महार मुलाच्या दृष्टीने एक पायरी वर चढल्यासारखेच होते, असेही कोणी म्हणेल. त्या काळी तसे म्हटलेही गेले असावे.

पडवीत बसून शिकण्याचे स्वरूप काय होते? मास्तरांचा आवाज ऐकू येतो. फळा दारातून तिरका दिसतो. पाटी तपासायची तर मास्तर तिला हात लावत नाहीत, लांबूनच पाहतात. मारायचे झाले तर छडी हाताला लागावी पण हात हाताला लागू नये, याचेही तंत्र होते. पावसाळ्यात वळचणीचे पाणी अंगावर येते, आणि कोकणातील पावसाळा शाळेच्या वर्षातील चार महिने खातो. सरकारी अहवालात या मुलाची नोंद ‘हजर’ अशीच होते. हजेरीपटाला पडवी दिसत नाही.

येथे एक फरक लक्षात घ्यावा. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवे या १४ वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. ती जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील विद्यार्थिनी. तिच्या निबंधातील स्वर समूहाचा आहे. ती ‘आम्ही’ म्हणून बोलते आणि थेट धर्मालाच जाब विचारते. ज्या शाळेने हा स्वर दिला ती अस्पृश्य मुलामुलींसाठी मुद्दाम काढलेली होती, आणि तेथे ही मुलगी आपल्या वर्गात एकटी नव्हती. वेगळ्या शाळेत अपमानाची जागा शाळेच्या बाहेर असते. सामाईक शाळेत ती वर्गाच्या आत येते, आणि ‘आम्ही’चा ‘मी’ होतो. सामाईक शाळा ही न्यायाची मागणी होती, ती योग्यच होती. पण त्या मागणीची किंमत एकेकट्या मुलाने मोजली.

३

सर्वांत प्रसिद्ध एकटा विद्यार्थी म्हणजे अर्थातच भीमराव आंबेडकर. दापोलीहून हे कुटुंब साताऱ्यास आणि तेथून मुंबईस गेले. साताऱ्याच्या शाळेतील आठवणी त्यांनी स्वतःच लिहिल्या आहेत: बसण्यासाठी घरून आणलेले गोणपाटाचे बसकर, ते रोज घरी परत न्यायचे, आणि नळाला हात न लावण्याचा नियम, त्यामुळे शिपायाने तोटी सोडली तरच पाणी. या आठवणी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी टिपणात आहेत. ते लिहिले गेले १९३० नंतरच्या दशकात आणि पुस्तिकेच्या रूपाने छापले गेले १९९० साली. एवढ्या मोठ्या लेखकाने हे लेखन आपल्या हयातीत छापले नाही, ही गोष्ट मला विचार करण्यासारखी वाटते. त्यांचे राजकीय आणि विद्वत्तापूर्ण लेखन तेवढ्यातल्या तेवढ्यात बाहेर येत होते. शाळेतील तहान मात्र कागदपत्रांत राहिली.

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातील प्रसंग त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविला आहे. गणित सोडविण्यासाठी शिक्षकांनी भीमरावास फळ्याजवळ बोलाविले. मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले असत. ते विटाळतील म्हणून मुलांनी धावत जाऊन डबे बाजूला काढले. हा प्रसंग इतक्या वेळा सांगितला गेला आहे की त्यातील चमत्कारिक गोष्ट आता नजरेतून सुटते. हा मुंबई शहरातील सरकारी हायस्कुलाचा वर्ग आहे. येथे पडवी नाही. मुलगा वर्गात आहे, बाकावर आहे, आणि शिक्षक त्याला फळ्याशी बोलावीत आहेत. विद्येच्या व्यवहारात तो पूर्णपणे आत आहे. अडले ते डब्यापाशी. पडवीची रेषा भिंतीवरून सरकून अन्नावर आली. संस्कृत घेऊ न दिल्याने त्यांना फारसी घ्यावी लागली, हा त्याच शाळेतील दुसरा अडसर अधिकृत होता. त्याच्याविरुद्ध तक्रार करणे तरी कल्पनेत बसते. डबे हलविणाऱ्या मुलांविरुद्ध कोणाकडे काय तक्रार करणार? त्यांनी आपलेच डबे हलविले होते.

इकडे रत्नागिरीत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत पडवीचा प्रश्न जाहीरपणे पुढे आला. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये संमत झाला. सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर शाळाही अस्पृश्यांना मोकळ्या असाव्यात असे त्यात होते. १९२४ पासून १९३७ पर्यंत वि. दा. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि शाळांतून मुलांना सरमिसळ बसवावे असा आग्रह त्यांनी धरला. एप्रिल १९२९ मध्ये चिपळूणला डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली रत्नागिरी जिल्ह्यातील बहिष्कृत वर्गाची परिषद झाली. तेथील मुख्य रोख खोतीविरुद्ध होता. या दोन प्रयत्नांची जातकुळी वेगळी, उद्दिष्टे वेगळी आणि परस्परांविषयीची भूमिकाही गुंतागुंतीची. त्यांची तुलना हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. (दोघांचीही चरित्रे एकाच माणसाने, रत्नागिरीतच जन्मलेल्या धनंजय कीरांनी, लिहावीत हा योगायोग मोठा बोलका आहे.) आपल्या विषयापुरते एवढेच पाहावयाचे की ‘सरमिसळ’ ही मागणी बसण्याविषयीची आहे. ती आदेशाने पुरी करता येते आणि ती पुरी झाली की नाही हे तपासणी अधिकाऱ्याला दारातून पाहता येते. सहभोजने झाली ती समारंभ म्हणून. समारंभात शेजारी बसून जेवलेला माणूस दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत कोठे बसतो, हे पाहणारा कोणी नव्हता.

चिपळूणच्या परिषदेत खोतीचा प्रश्न अग्रभागी होता, हेही समजून घेण्यासारखे आहे. ज्याच्या ओटीवर शाळा भरे त्याच्याच जमिनीवर मुलाचा बाप राबत असे. मुलाने वर्गात कोठे बसावे हा वाद बापाच्या खंडाशी बांधलेला होता. खोती कायद्याने रद्द होण्यास १९४९ साल उजाडावे लागले.

४

ऊर्मिला पवार यांचा जन्म १९४५ चा, गाव रत्नागिरीजवळचे फणसवळे. म्हणजे त्या शाळेत गेल्या तेव्हा खोती गेली होती, राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली होती, १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा आला होता किंवा येऊ घातला होता. त्या अकरा-बारा वर्षांच्या असताना धर्मांतरही झाले. हायस्कुलात पाऊल ठेवणारी ही मुलगी कायद्याच्या दृष्टीने कोणत्याच अर्थाने बहिष्कृत नव्हती. माझ्या मते ‘आयदान’मधील शालेय प्रकरणांचे महत्त्व येथे आहे. ‘बलुतं’ (१९७८) किंवा ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) यांत शाळा ही भूक, वसतिगृह आणि गावकुसाबाहेरची वस्ती यांच्याशी जोडून येते. ‘आयदान’मध्ये ती एका लहानशा जिल्ह्याच्या गावात, मध्यमवर्गीय मुलींच्या सहवासात येते. जाच कमी होत जातो तसे एकटेपण अधिक स्पष्ट दिसू लागते.

पुस्तकाचे शीर्षक बांबूच्या विणकामाचे आहे. कोकणात सुपे, टोपल्या, रोवळ्या विणण्याचे काम महार समाज करीत असे. इतरत्र ते बुरुडांचे. या वस्तूंना मिळून आयदान म्हणतात. वडील शिक्षक होते, मुलांनी शिकावे याविषयी ते कमालीचे आग्रही. पण ही मुलगी लहान असतानाच ते वारले, आणि आईने आयदाने विणून घर चालविले. विणलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या घरी पोचविण्याचे काम मुलीकडे. ती दाराबाहेर उभी राही. टोपलीवर पाणी शिंपडून ती आत घेतली जाई, पैसे वरून टाकले जात. रत्नागिरी हे त्या वेळी लहान गाव. ज्या आळ्यांतून टोपल्या पोचवावयाच्या, त्या आळ्यांतील मुलीच वर्गात शेजारच्या बाकावर असणार. सकाळी बाकावर समोरासमोर, संध्याकाळी उंबऱ्याच्या अल्याडपल्याड. दापोलीच्या पडवीत निदान एवढे होते की मुलाची जागा दिवसभर एकच असे.

प्राथमिक शाळेतील प्रसंग ठळक आहेत. मुलीला शेण काढावयास लावले जाते, तीवरून मार बसतो, आई मास्तरांना रस्त्यात गाठून जाब विचारते. यात अन्याय करणारा आहे, प्रतिकार करणारी आहे, आणि वाचकाला उभे राहावयास निश्चित जागा आहे. दलित स्वकथनांच्या चर्चेत असे प्रसंग वारंवार उद्‌धृत होतात ते याचमुळे. त्यांच्याकडे पाहून संतापता येते.

हायस्कुलातील प्रसंगापाशी संताप अडखळतो. वर्गातील मुली मिळून स्वयंपाक करावयाचा, एकत्र जेवावयाचे असे ठरते. कोणी काय आणावयाचे याची वाटणी होते. या मुलीने काही जिन्नस आणू नये, पैसे द्यावेत, असे सुचविले जाते. ती येते, जेवते. अन्न तिला आवडते आणि ती मनापासून जेवते. पुढे कुजबुज कानावर येते: किती जेवली! एवढाच प्रसंग आहे. शिवीगाळ नाही, मार नाही, मज्जाव नाही. उलट आमंत्रण आहे. कोणत्या कलमाखाली हा गुन्हा बसेल? आणि तरीही आधीच्या माराहून हे अधिक खोल लागलेले आहे, हे निवेदनावरून कळते. मार देणाऱ्याचे काही चुकले होते. येथे जणू जेवणाऱ्या मुलीचेच चुकले. तिला भूक होती, तिला त्या मुलींत बसावयाचे होते, आणि तिने तसे दिसू दिले.

मला वाटते, शालेय बहिष्काराचे हे खरे अंतरंग आहे आणि ते सांगणे फार अवघड आहे. अन्यायाची कथा सांगताना निवेदकाची बाजू स्वच्छ राहते. एकटेपणाची कथा सांगताना आपल्याला त्यांच्यात जावयाचे होते हे कबूल करावे लागते. ज्यांनी दूर ठेवले त्यांच्याच वेण्या, त्यांचेच डबे, त्यांचीच शुद्ध म्हटली जाणारी भाषा आपल्याला हवीशी वाटली, ही कबुली चळवळीच्या भाषेत बसत नाही. चळवळीची भाषा ‘आम्ही’ची आहे आणि ती तशीच असावयास हवी. ऊर्मिला पवार चळवळीतल्या लेखिका. मीनाक्षी मून यांच्यासमवेत आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा इतिहास सांगणारे ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) हे पुस्तक त्यांनी आधी लिहिले. त्यात ‘आम्ही’ आहे. ‘आयदान’ त्यानंतर १४ वर्षांनी आले, आणि त्यात वर्गातील ‘मी’ला जागा मिळाली. हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. सामूहिक इतिहास लिहून झाल्यावरच ही लाजेची गोष्ट सांगण्याचे बळ आले असावे.

या प्रसंगांच्या निवेदनात विनोद आहे, आणि काही वाचकांना तो खटकतो. दुःखाचे गांभीर्य त्यामुळे उणावते असा आक्षेप मी ऐकला आहे. मला तो पटत नाही. तेरा-चौदा वर्षांची मुलगी जे सहन करते ते चाळीस वर्षांनी सांगताना लेखिका त्या मुलीकडे थोडे हसून पाहते. या हसण्यात तिला वाचविण्याची धडपड आहे. करुण स्वरात सांगितले असते तर ती मुलगी पुन्हा एकदा दाराबाहेर उभी राहिली असती, या वेळी वाचकाच्या.

५

आता वर्गातील दुसऱ्या बाजूकडे वळू. ज्यांनी डबे हलविले, ज्या मुली कुजबुजल्या, त्यांनीही पुढे आठवणी लिहिल्याच असतील. मराठीत शाळेच्या आठवणींचे लेखन विपुल आहे आणि त्यात कोकणचा वाटा मोठा. गरिबी, वारावरचे जेवण, दिव्याखालचा अभ्यास, प्रेमळ आणि मारकुटे मास्तर ही त्याची ठरलेली सामग्री. या लेखनात पडवी क्वचितच दिसते. साने गुरुजी हा एक अपवाद म्हणावयास हवा. पालगडचा हा मुलगा दापोलीच्या मिशन शाळेत शिकला, गरिबीमुळे अपमानही त्याने सोसले, आणि ‘श्यामची आई’त अस्पृश्य म्हातारीला मोळी उचलून देण्याचा प्रसंग त्याने लिहिला. पुढे १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. पण त्या पुस्तकातील अस्पृश्य माणूस रस्त्यावर भेटतो. तो दयेचा विषय होऊ शकतो, कारण त्याच्याशी स्पर्धा नाही. बाकावर शेजारी बसलेले अस्पृश्य मूल हा वेगळा अनुभव आहे, आणि गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याच्या एकटेपणाची कथा लिहिणाऱ्या वाङ्मयाने तो सहसा लिहिलेला नाही. गरीब श्यामला लोकांच्या घरी जेवताना मान खाली घालावी लागत असेल. परंतु तो जेवत होता घराच्या आत.

‘आयदान’च्या पुढच्याच वर्षी, २००४ साली, मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ आली. नववीचा वर्ग, आणीबाणीचा काळ, कोवळे प्रेम. ती उत्तम कादंबरी आहे आणि तिच्या वाट्याला आलेली लोकप्रियता योग्यच आहे. दोन्ही पुस्तके एकाच वयाच्या मुलामुलींविषयी आहेत. ती शेजारी ठेवून वाचण्याचा प्रयत्न मात्र आपण फारसा केलेला नाही. एक ‘दलित साहित्या’च्या खणात गेले, दुसरे ‘शालेय जीवना’च्या. जणू शाळा ही एका मुलाची असते आणि जात दुसऱ्याची. ग्रंथालयातील ही मांडणी पाहिली की मला पुन्हा पडवी आठवते.

समीक्षकाने स्वतःविषयी बोलू नये असा संकेत आहे. या विषयात तो पाळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही, कारण मी जे ‘दुसरी बाजू’ म्हणत आहे ती माझी आहे. रत्नागिरी तालुक्यातील एका हायस्कुलात मी शिकलो. मधल्या सुट्टीत आमचे गोल करून डबे खाणे चाले. कोणाच्या डब्यात काय असते हे सर्वांना पाठ असे. भाकरीबरोबर सुके बांगडे आणणारे आणि पोळी-भाजी आणणारे यांचे गोल आपोआप वेगळे होत, आणि आम्ही ते चवीवर घालवीत असू. वर्गात हुशार असा एक मुलगा होता. पहिल्या पाचांत त्याचा क्रमांक ठरलेला. घंटा झाली की तो विहिरीच्या बाजूला जाई आणि सुट्टी संपताना परत येई. तो डबा आणीत असे की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. माझ्या वर्गातील चाळीसेक मुलांपैकी बहुतेकांचे डबे मला आठवतात. त्याला कोणी हाकलले नव्हते. शिक्षक त्याचे कौतुक करीत. मी त्याच्याकडून गणिताची वही अनेकदा उतरवून घेतली, आणि ती वही घेताना मला कधी विटाळाचा विचार शिवला नाही, याचा पुढे मला अभिमानही वाटे.

‘आयदान’ प्रथम वाचले तेव्हा स्वयंपाकाच्या त्या प्रसंगापाशी मी पुस्तक मिटले. आमच्या वर्गाने दहावीच्या वर्षी एक अंगतपंगत केली होती, शाळेमागच्या आमराईत. वर्गणी काढली होती. तिचा हिशेब माझ्याकडे होता, नावे आणि पैसे लिहिलेला कागद मी कित्येक वर्षे जपून ठेवला होता, कारण आठवण म्हणून त्यावर सर्वांच्या सह्या घेतल्या होत्या. तो कागद आता माझ्यापाशी नाही. त्यावर त्या मुलाचे नाव होते की नव्हते, आणि असल्यास त्याच्यापुढे पैसे लिहिले होते की एखादा जिन्नस, हे आठवण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे.